कर्जतचा बँकर

कर्जत स्थानकाच्या फलाटावर पुण्याकडे जाणारी गाडी येऊन थांबली, की उतारूंची नजर ज्या क्षणी वड्याच्या टोपलीकडे वळते, नेमक्या त्याच क्षणी गाडीच्या शेपटाशी, जिकडे सहसा कोणी पाहत नाही, एक निराळाच विधी चाललेला असतो. दोन-तीन इंजिने सावकाश मागून सरकत येऊन शेवटच्या डब्याला टेकतात, एक मंद धक्का डब्याडब्यांतून पुढे धावत जातो, कोणाच्या हातातला चहा हिंदकळतो, आणि ३७ फुटांमागे १ फूट चढणाऱ्या बोरघाटाला तोंड देण्यास गाडी सिद्ध होते. मागून रेटणाऱ्या या इंजिनाला रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात. लोणावळ्यास चढण संपली की बँकर सुटतो, गाडी पुण्याच्या दिशेने निघून जाते, आणि तो ओझ्यावाचून पुन्हा घाट उतरून पुढच्या गाडीची वाट पाहत कर्जतला उभा राहतो.

या शब्दाची मला प्रथम गंमत वाटली ती गटसचिवाच्या खुर्चीत. तालुक्यातील सोसायट्यांची दफ्तरे सांभाळीत, खरिपाच्या तोंडाशी पीककर्जाचे अर्ज लिहून देत आणि शिमगा उलटल्यावर त्याच अर्जदारांच्या दारी वसुलीस जात माझी उमेदीची वर्षे गेली; तेव्हा पेढीवरचा बँकर आणि घाटातला बँकर एकमेकांचे कोणी लागतात काय, हा प्रश्न मी सहकाऱ्यांना विनोदाने घालीत असे. व्युत्पत्तीने पाहता ते सगोत्र नव्हेत. एकाचे मूळ चढणीचा अर्थ असलेल्या शब्दात, तर दुसऱ्याचे इटलीतील सराफ ज्यावर नाणी मांडून बसत त्या बाकात. (ज्या गावाच्या नावातच कर्ज, त्या गावी दोघांची गाठ पडावी, हा तर निव्वळ श्लेष.) परंतु व्यवहाराने पाहता दोघांचे काम एकच, परक्याचे ओझे चढणीवर रेटावयाचे, आणि दोघांविषयीचे प्रश्नही तेच, की तो कोठे जोडला जातो, कोठे सुटतो, आणि तो सुटल्यावर गाडीत बसलेल्यांचे काय होते.

हे सारे आज आठवण्याचे कारण माझी भाची. नेरळहून पहाटेची लोकल धरून ठाण्यास गाडी बदलीत ती नवी मुंबईतील एका संगणक-कंपनीत जाते, आणि त्या दीड-दोन तासांच्या प्रवासात गेली काही वर्षे तिने स्टार्टअप, तंत्रज्ञान, वित्त आणि संगीत या चार प्रांतांतील घडामोडींची टिपणे ठेवली. त्यांचेच हे पुस्तक. “मामा, प्रस्तावना तुम्हीच लिहा,” असे ती म्हणाली, तेव्हा मी प्रांजळपणे सांगितले, की चौथ्या विषयात मला कान आहेत पण गळा नाही, आणि पहिल्या दोहोंत तेही नाहीत, त्यावर ती म्हणाली, “पण पैशात तर आहात ना? मग बाकीचे तीन तिथेच येऊन मिळतात.” हे तिचे म्हणणे मी हस्तलिखित वाचण्यापूर्वी थट्टेवारी नेले होते.

स्टार्टअप या शब्दाने आजच्या तरुणांचे डोळे चकाकतात, आणि केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत त्यासाठी स्वतंत्र योजनाच जाहीर केल्यापासून तो शब्द कचेऱ्यांच्या परिपत्रकांतही रुळला. पण आमच्या या खोऱ्याला ती वस्तू नवी नाही. पोशीरहून नेरळला गेले की माथेरानची जी दोन फूट रुंदीची चिमुकली आगगाडी दिसते, ती आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्याने, आपल्या चिरंजीवांच्या देखरेखीखाली, सुमारे १६ लक्ष रुपये ओतून १९०७ साली सुरू केली. एकवीस किलोमीटरच्या त्या वळणावळणाच्या रुळांवर भांडवल परत मिळेल असे त्या काळच्या कोणत्या हिशेबनिसाने सांगितले असेल, याचे मला आजही नवल वाटते. तिकडे खालापूर तालुक्यात, खोपोलीस, टाटांच्या कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावर बंधारे घालून, जे पाणी स्वभावतः पूर्वेस भीमेकडे गेले असते ते पश्चिमेस वळविले, सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली सोडले, आणि १९१५ साली त्यातून निघालेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना पोहोचविली. भांडवल देशातच उभे राहिले. संस्थानिकांनी त्यास मोठा हातभार लावला. पुढे १९२२ साली आमच्याच कर्जत तालुक्यात भिवपुरीस दुसरे वीजघर झाले, आणि त्याच्या चक्रांतून मोकळे झालेले पाणी राजनाल्याने शेतांत खेळू लागल्यावर, पावसाळी भाताखेरीज दुसरे पीक ज्या जमिनीने पाहिले नव्हते, तिथे उन्हाळी भात डोलू लागला. हा लाभ कंपनीच्या मूळ हिशेबात कितपत होता कोण जाणे; उद्योगाचा उत्तम लाभ पुष्कळदा त्याच्या सांडपाण्यातच असतो, असे माझे एक जुने मत आहे.

परंतु याच चित्राची दुसरी बाजू दाखविल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, कारण तिथेच या तालुक्याने वित्तशास्त्रात घातलेली खरी भर आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना आम्ही भाई कोतवाल म्हणतो, ते नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मले, वकील झाले, आणि वकिलीच्या उत्पन्नावर सुखाने राहण्याऐवजी सावकाराच्या वहीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यपेढ्या काढल्या. योजना इतकी साधी, की ती कोणा गुंतवणूकदारापुढे मांडण्यास आजचा तरुण लाजेल: सुगीच्या दिवसांत प्रत्येकाने आपल्या भातातून काही भाग सामाईक कोठीत टाकावयाचा, आणि ज्येष्ठ-आषाढात, जेव्हा घरातले दाणे संपतात आणि पेरणीचे बी सुद्धा शिजविण्याची वेळ येते, तेव्हा गरजूने तिथून धान्य उचलावयाचे. दीडीने धान्य देणाऱ्या सावकाराचा सारा जोर त्या दोन महिन्यांवरच असे. कोतवालांनी नेमके ते दोन महिने हेरले. ज्यास आज कार्यकारी भांडवल म्हणतात, ते त्यांनी भाताच्या कणगीत ठेवले.

मग १९४२ आले, आणि याच माणसाने आझाद दस्ता या आपल्या भूमिगत गटासह, मुंबईकडे वीज नेणारे लोखंडी मनोरे रात्रीच्या अंधारात करवतून पाडण्यास आरंभ केला. ज्या गावांच्या डोक्यावरून त्या तारा जात, त्या गावांत तेव्हा कंदील होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील हुतात्मा झाले. मी दर वर्षी त्या दिवशी सिद्धगडला जाणाऱ्यांपैकी आहे, आणि तिथे उभे राहिल्यावर माझ्या मनात नेहमी ही जोडी येते, की कोठी बांधणारे आणि मनोरा पाडणारे हात एकच होते. भाचीच्या पुस्तकात या प्रकरणास केवळ दीड पान आहे. ते दहा पानांचे करावे असे मी सुचविले होते. तिने ऐकले नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.

आता वर्तमानाकडे. कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या पोशीरला, एक चहाची टपरी आहे. तिथे बरण्या, खारी, लटकणारी पानमसाल्याची माळ आणि गणपतीची तसबीर यांच्या मधोमध, मुठीत मावेल अशी एक डबी ठेवलेली असते. गिऱ्हाईक भ्रमणध्वनी पुढे करून चौकोनी खुणेचे छायाचित्र घेते, आणि पुढच्या श्वासाला ती डबी शुद्ध, किंचित पुण्याकडच्या मराठीत मोठ्याने सांगते, की वीस रुपये मिळाले. आत एक सिमकार्ड, एक ध्वनिवर्धक आणि विजेरी, याहून फारसे काही नाही. पण मालकाचे हात पिठात असोत की दुधात, मान न वळविता त्याला रोजकीर्द ऐकू येते. पूर्वी वसूल झालेली रक्कम ओरडून सांगण्यास पेढीवर मुनीम लागे. मला त्या डबीत पुस्तकाचे चारही विषय एकत्र दिसले: काढली कोणा स्टार्टअपने, चालते ती तारायंत्राच्या नातवंडावर, बोलते ती पैशाविषयी, आणि बोलते ती माणसाच्या आवाजात. २०१६ साली सुरू झालेल्या या यूपीआय पद्धतीने २०२५ च्या ऑगस्टात एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार केले, हा आकडा भाचीने ठळक छापला आहे. माझ्या जुन्या सवयीने मी विचारले, की व्यवहाराला दुकानदाराकडून दस्तुरी घेत नाहीत, तर मग या यंत्रणेचा खर्च कोण सोसतो? उत्तर वित्ताच्या प्रकरणात आहे, आणि त्याचे सार असे, की डबीचे मासिक भाडे असते, सरकार काही अनुदान देते, आणि खरा डोळा त्या व्यवहारांच्या नोंदींवर असतो. कारण ज्याची रोजकीर्द दुसऱ्याच्या हाती, त्यास कर्ज किती द्यावे हे ठरविणे सोपे. म्हणजे फिरून बँकरच.

घाटाला चढणीइतकाच उतारही असतो. पुण्याहून खाली येणाऱ्या गाडीला बोरघाटात जागोजागी आपला वेग ताब्यात आहे हे सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध होईपर्यंत पुढचा सांधा मुख्य मार्गाकडे नव्हे, तर डोंगरात चढत जाऊन संपणाऱ्या एका आडमार्गाकडे लावलेला असतो; ब्रेक सुटलेली गाडी तिथे शिरावी आणि आपल्याच भाराने थांबावी. रुळांवर ज्यांनी ही व्यवस्था केली, त्यांचा गाडीवर विश्वास नव्हता, आणि म्हणूनच प्रवासी निर्धास्त झोपू शकले. रायगड जिल्ह्यातील ठेवीदारांना असा आडमार्ग फार उशिरा मिळाला. २०१० साली पेणची नागरी सहकारी बँक बुडाली, तेव्हा ठेवीवरील विम्याची मर्यादा एक लक्ष रुपये होती, आणि मुलीच्या लग्नासाठी, घराच्या कौलांसाठी, म्हातारपणासाठी ठेवलेल्या पावत्या घेऊन माणसे वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती मर्यादा पाच लक्ष झाली. पुढच्याच वर्षी पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा बहुसंख्य लहान ठेवीदारांची पुरी रक्कम त्या विम्याच्या कक्षेत आली. दोन दुर्घटनांमधील हे अंतर भाचीने एका तक्त्यात दाखविले आहे. मी त्या पावत्या हातांत घेतलेल्या माणसांना जवळून पाहिले असल्यामुळे तक्ता मला पुरेसा वाटत नाही, परंतु तो चुकीचाही नाही.

पुस्तकातील सर्वांत कठीण प्रकरण खालापूर तालुक्यातले आहे. दापोलीकडून मुंबईस गेलेले कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली कर्जतनजीक, चौकच्या बाजूस, एन. डी. स्टुडिओ उभारला, ‘जोधा अकबर’चे महाल तिथे उठले, शिवचरित्रावरील मालिकेचे दरबार तिथे भरले, आणि भोवतालच्या गावांतील सुतार, रंगारी, वाहनचालक व स्वयंपाकी यांना घरापासून सायकलच्या अंतरावर काम मिळाले. महाल लाकडाचे, प्लास्टरचे आणि रंगाचे होते. कर्ज मात्र खऱ्या जमिनीवर होते. २५२ कोटींच्या थकबाकीवरून जुलै २०२३ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज न्यायाधिकरणात दाखल करून घेतला गेला, आणि २ ऑगस्ट रोजी त्याच आवारात देसाईंच्या आयुष्याचा शेवट झाला. पुढे तो परिसर शासनाच्या चित्रनगरी महामंडळाच्या ताब्यात गेला. यावर ज्याने त्याने आपापला निवाडा दिला. मी देत नाही. पण वाचताना मला विष्णू दिगंबर पलुस्करांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. संगीत राजवाड्यातून व कोठ्यातून बाहेर काढून शाळेत आणणारा, तिकीट लावून जलसे करणारा, आपल्या स्वरलिपीची पुस्तके आपल्याच छापखान्यात छापणारा तो पुरुष आजच्या परिभाषेत पक्का स्टार्टअपवाला होता; १९०१ साली लाहोरास आणि पुढे मुंबईस त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, इमारतीसाठी कर्ज केले, आणि १९२४ साली सावकारांनी त्या मुंबईच्या इमारतीचा लिलाव केला. भिंती गेल्या. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे शिष्य मात्र लिलावात निघण्याजोगे नव्हते, आणि त्यांनी ते विद्यालय देशभर नेले. ऋण काढून बांधलेल्या वास्तूपेक्षा शिष्य टिकाऊ, असा याचा अर्थ कोणी लावील. मला मात्र त्या सावकारांचाही हिशेब पाहावासा वाटतो, की मुदत आणखी चार वर्षे वाढविली असती, तर त्यांचे मुद्दल बुडाले असते काय? वसुलीच्या कामात मुदत हा शब्द मी कधी कठोरपणे वापरला, कधी हळवेपणाने. दोहोंचा पस्तावा मला झालेला आहे.

सर्व बँकर सारखे नसतात, हे दाखविण्यास भाचीने नाशिककडचे उदाहरण घेतले आहे. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सच्या द्राक्ष-टोमॅटोच्या व्यवसायात २०२२ साली युरोपातील संस्थांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले, आणि तरीही मूळ मालकी शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीकडे राहिली. चढण लांब असली तर रेटणाराही धीराचा लागतो, इतकेच त्यावर माझे म्हणणे.

संगीताचे प्रकरण मी शेवटी वाचले. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आला, तेव्हा गायिका गौहर जान तबकडीच्या शेवटी आपले नाव मोठ्याने उच्चारी. तबकड्या जर्मनीत हानोवरला छापल्या जात, आणि गाणे कोणाचे हे तिथल्या कारागिरांना त्यावाचून कळणार कसे! आवाज आणि नाव यांची ती गाठ एकशेवीस वर्षांनी सुटली. आता माणसाचा आवाज थोडा वेळ ऐकवून यंत्राला तो शिकविता येतो आणि त्या आवाजात त्या माणसाने कधीही न गायिलेले गाणे गाऊन घेता येते. ए. आर. रहमान यांनी २०२४ साली दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले, पण कुटुंबीयांची संमती घेऊन आणि मोबदला देऊन. ज्यांना संमतीचे भान नव्हते त्यांच्याविरुद्ध अरिजित सिंह यांना जुलै २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ च्या सप्टेंबरअखेर मुंबई उच्च न्यायालयाकडून अंतरिम संरक्षण मिळाले. आपला कायदा ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षे मानतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांचे कवी व संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा, त्यांनी सही करून दिला तरी, हिरावता येऊ नये अशी तजवीज केली. परंतु गळा ही मिळकत कोणत्या उताऱ्यावर चढवावयाची? सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात, असे मी थट्टेने म्हटले, तर भाचीने तेच शीर्षक म्हणून उचलले.

आणि ही सारी यंत्रे चालवावयास वीज लागते, म्हणजे गोष्ट पुन्हा आमच्याच दारी येते. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य शासनाशी जो करार केला, त्यात भिवपुरीचा १,००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे: दिवसा सूर्याची वीज उतू जाईल तेव्हा पाणी वर चढवावयाचे, आणि दिवेलागणीस मागणी वाढली की खाली सोडावयाचे. शंभर वर्षे जे पाणी एकाच दिशेने आले, त्यालाही आता बँकर लागला. इकडे पोशीर नदीवरील धरणास २०२५ साली मंत्रिमंडळाने सुमारे ६,३९४ कोटींची मान्यता दिली. पाणी मुंबई महानगर प्रदेशातील शहरांना जाईल. मोजणीवाल्यांची साखळी दिसली की आमच्याकडे म्हातारी माणसे ओट्यावरून उठून उभी राहतात.

या पुस्तकात एक लेख कमी आहे, त्याचा खुलासा करणे मला भाग आहे. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जो धवला गातात, तो गाणाऱ्या एका वृद्ध धवलारणीकडे भाची मला घेऊन गेली होती. ध्वनिमुद्रण करावे, आणि ज्या गाण्याचा कर्ता कोणीच नाही त्याचा धनी कोण, या प्रश्नावर लेख लिहावा, असा तिचा बेत. म्हातारीने भ्रमणध्वनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, “लगीन कुणाचं?” कोणाचेच नाही, नुसते गाऊन दाखवा, असे भाचीने सांगितले. त्यावर ती म्हणाली, की धवल्यात नवरीच्या आईचे, आजीचे, मामाचे नाव घालावे लागते, आणि नावावाचून तिला पुढची ओळ सुचत नाही. भाचीने आपले आणि माझे नाव सुचविले. ते तिला पटले नाही. मोबदल्याचे विचारता लुगडे, नारळ आणि तांदूळ एवढेच तिने सांगितले, आणि तेही मांडवातच. वैशाखात पलीकडच्या पाड्यावर लग्न आहे, तेव्हा या, असे म्हणून तिने चहा टाकला. छापखान्याची निकड वैशाखाआधीची असल्यामुळे तो लेख राहून गेला, आणि अनुक्रमणिकेत त्या जागी भाचीने केवळ शीर्षक ठेवले आहे.

पोशीर, मार्गशीर्ष, शके १९४७